वस्तीतला चौक पुन्हा माणसांचा कसा करायचा

आपल्याकडे चौक सुधारायचा म्हटलं की सगळ्यात आधी कारंजं सुचतं. मग गोल कठडा, आत हिरवळ, 'आय लव्ह अमुकनगर'ची पेटती अक्षरं आणि मधोमध हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे झगझगीत दिवे. उद्घाटन होतं, फोटो निघतात आणि वर्षभरात कारंज्याच्या हौदात पाणी साचून डास होतात. कठड्याच्या फाटकाला कुलूप लागतं. माणसं मात्र पूर्वीसारखीच टपरीच्या आडोशाला नाहीतर दुकानाच्या पायरीवर टेकलेली असतात. खर्च होऊनही काही बदलत नाही, कारण त्या सगळ्या आराखड्यात बसायला जागा नसते, सावली नसते आणि रस्ता निवांत ओलांडायची सोय नसते.

चौकात जीव येतो तो या तीन गोष्टींनी. शोभेचं नंतर बघता येतं. पुढची पद्धत पेठेतल्या, कॉलनीतल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या लहान चौकासाठी आहे, जिथे तीन-चार रस्ते मिळतात आणि आजूबाजूला घरं-दुकानं आहेत. महामार्गाच्या सिग्नलचा चौक हा वेगळा विषय.

आधी मोजदाद

आराखडा काढायच्या आधी चौकात बसून मोजायचं. हे काम फुकटात होतं, आणि पुढे कार्यालयात तुमचं म्हणणं टिकतं ते याच कागदांवर.

एक कामाचा दिवस, एक रविवार आणि आठवडी बाजार भरत असेल तर तो दिवस निवडा. सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री ९ अशा वेळा ठरवा. प्रत्येक वेळी दहा मिनिटं मोजा. दोन वेगळे आकडे हवेत: चौकातून जाणारे किती आणि चौकात थांबलेले किती. पहिला आकडा मोठा आणि दुसरा अगदी लहान असेल तर तिथून लोक नुसते निघून जातात, थांबत नाहीत. थांबलेल्यांमध्ये पुरुष, बायका, मुलं, म्हातारी माणसं असे रकाने करा. बसलेत की उभे, आणि कशावर बसलेत, हेही लिहा. बंद दुकानाची पायरी, फीडर पिलरचा (रस्त्यावरच्या वीजपेटीचा) ओटा, उभ्या स्कूटरचं सीट, सगळं लिहा. माणसं आज जिथे गैरसोय सोसून बसतात, तिथेच पुढे बसायची सोय लागणार असते.

या रकान्यांतला बायकांचा रकाना सगळ्यात बोलका. न्यू यॉर्कमध्ये १९७०च्या दशकात विल्यम व्हाइट यांनी इमारतींपुढच्या पटांगणांवर कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात याचा अभ्यास केला. जिथे बायकांचं प्रमाण कमी, तिथे जागेतच काहीतरी खोट आहे, असं त्यांनी नोंदवलं. आपल्या चौकांत तर हे लगेच दिसतं. कट्ट्यावर सगळी पुरुषमंडळी आणि बायका पिशव्या सांभाळत रस्त्याच्या कडेने झपाझप निघालेल्या. असा चौक कितीही भरलेला दिसला तरी तो निम्म्याच वस्तीचा असतो.

दुसरं काम सावलीचं. खडू घ्या आणि सकाळी १०, दुपारी १, ४ आणि संध्याकाळी साडेपाचला इमारतींच्या आणि झाडांच्या सावलीच्या कडा जमिनीवर आखा. दुपारनंतर सावली पूर्वेला सरकते, म्हणजे इमारतीच्या किंवा झाडाच्या पूर्वेला टाकलेलं बाक संध्याकाळी वापरात येतं आणि पश्चिमेचं तापून निघतं. महाराष्ट्रात मे महिन्यात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, इमारतीची सावली तिच्या पायाशीच पडते. त्या वेळी झाडाला पर्याय नाही. हिवाळ्यात उलट, सकाळच्या उन्हात बसायला म्हातारी माणसं जागा शोधत असतात, तेव्हा एखादं बाक मुद्दाम कोवळ्या उन्हात ठेवा.

तिसरं, लोक रस्ता नेमका कुठून ओलांडतात त्या रेषा नकाशावर काढा. झेब्रा पट्टे बहुधा भलतीकडेच असतात.

आज तिथे कोण आहे

भाजीवाली, चांभार, रिक्षा स्टँड, पेपरवाला, वडापावची गाडी, मंडळाची पोरं. सुशोभीकरणात सगळ्यात आधी हटवतात ती हीच माणसं, आणि चौकावर सकाळपासून रात्रीपर्यंत नजर असते तीही त्यांचीच. भाजीवाली बसते तिथे बायका न संकोचता थांबतात, हे तुमच्या मोजणीत दिसेलच.

कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा बघा. संध्याकाळी म्हशी आणून समोर धार काढतात आणि लोक उभ्या उभ्या धारोष्ण दूध पितात. एरवीच्या रस्त्याला गावाचं ठिकाण केलं ते दुधाने. डोंबिवलीचा फडके रोड दिवाळीच्या पहाटे नटूनथटून आलेल्या तरुणाईने फुलतो, तेव्हा तो रस्ता राहतच नाही, मोठा थोरला चौक होतो. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा म्हणजे एक किलोमीटरहून लांब, साधी, बुटकी भिंत. त्यावर आतल्या बाजूला तोंड करून खेळ बघता येतो आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून रस्ता. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे बसतात आणि त्यासाठी कुठलीही कलाकुसर लागली नाही. गोव्यात गावचा तिंटो असाच, दुकानं, झाड आणि गप्पा एका जागी.

तेव्हा विक्रेत्यांशी, रिक्षावाल्यांशी आणि मंडळाशी पहिल्या आठवड्यातच बोला. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे. सर्वेक्षण आणि शहर फेरीवाला समितीला डावलून त्यांना उठवता येत नाही, आणि त्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. नव्या आराखड्यात त्यांच्या जागा आखूनच घ्या: चालण्याची वाट सोडून, कडेला, पाण्याच्या नळापासून आणि कचरापेटीपासून जवळ. दुकानदार बहुधा पार्किंग जाण्याच्या भीतीने विरोध करतात. कोपनहेगनच्या स्ट्रॉगेट रस्त्यावर १९६२ साली गाड्या बंद केल्या तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही हीच तक्रार केली होती. आज तो त्या शहरातला सर्वांत गजबजलेला खरेदीचा रस्ता आहे. तरीही दुकानदाराला दाखले देत बसू नका. त्याच्या दारात गाडी लावणाऱ्यांपैकी किती जण दुकानात शिरतात ते त्याच्या सोबत उभं राहून मोजा.

गाड्यांचा वेग

शेजारून दुचाकी सुसाट जात असेल तर बाकावर कोणी बसत नाही आणि आई मुलाचा हात सोडत नाही. ताशी ३० किलोमीटरच्या वर वेग गेला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या जिवाचा धोका झपाट्याने वाढतो. वस्तीच्या चौकात वेग त्याच्या आतच हवा.

नुसता फलक लावून वेग कमी होत नाही, रस्त्याच्या आकाराने होतो. बहुतेक चौकांचे कोपरे उगाच मोठ्या गोलाईचे असतात, गाडी ब्रेक न लावता वळते. कोपरा पुढे आणून गोलाई लहान केली की वळताना वेग आपोआप उतरतो, ओलांडायचं अंतर घटतं आणि कोपऱ्यावर बसायला जागाही निघते. या एका बदलात तीन कामं होतात, म्हणून पैसे थोडे असतील तर ते इथेच घाला. जिथे लोक खरोखर ओलांडतात तिथे पदपथाच्या उंचीचा सपाट उंचवटा करा, दोन्ही बाजूंना उतार देऊन. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी न उतरता पलीकडे जाते.

आकार ठरवताना घंटागाडी, पाण्याचा टँकर, शाळेची बस आणि अग्निशमन दलाचा बंब वळतो का हे बघावंच लागतं. कागदावर वाद घालत बसण्यापेक्षा खडूने नवा कोपरा आखा आणि घंटागाडीच्या चालकाला वळवून दाखवायला सांगा. बंबासाठी अग्निशमन केंद्राला पत्र द्या.

दुचाकी पदपथावर चढू नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावतात, पण चाकाची खुर्ची जायला सुमारे ९० सेंटिमीटर फट सोडावीच लागते आणि तेवढ्यातून दुचाकी आरामात जाते. यावर लोखंडाचा पक्का उपाय नाही. फटीच्या पुढेच भाजीवालीची जागा, बाक किंवा झाड असेल तर दुचाकीवाला तिथे घुसत नाही. त्याचबरोबर दुचाकींना बाजूच्या गल्लीत पट्टे मारून रीतसर जागा द्या. जागा न देता नुसती बंदी घातली तर ती आठवडाभरही टिकत नाही.

सिमेंटच्या आधी खडू आणि खुर्च्या

आराखडा बरोबर आहे की नाही हे ठेकेदाराने काम केल्यावर कळून उपयोग नाही. न्यू यॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ ब्रॉडवे हा रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा सुरुवातीला तिथे साध्या घडीच्या खुर्च्या टाकल्या होत्या. पक्कं काम नंतर झालं. मिलान शहराने २०१८ पासून वस्त्यांमधल्या चौकांत हाच मार्ग धरला. दरगानो आणि अँजिलबर्टो या चौकांत रस्त्यावर रंग, कुंड्या, बाकं आणि टेबल टेनिसची टेबलं मांडली, लोक रुळले तसं काम पुढे नेलं. पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद ठेवला होता. गर्दीच्या रस्त्यावर हे शक्य आहे, हे त्या दिवशी अख्ख्या शहराने पाहिलं.

तुमच्या चौकासाठी सामान फारसं लागत नाही. वाहतूक शाखेकडून शंकू आणि बॅरिकेड, रस्त्याचा रंग, मंडपवाल्याकडून खुर्च्या, हिरवी शेडनेट आणि बांबू, ड्रममध्ये लावलेली झाडं. टायरच्या कुंड्या टाळा, त्यांत पाणी साचतं. परवानगीसाठी वाहतूक पोलिसांना आणि क्षेत्रीय कार्यालयाला (नगरपरिषद असेल तर मुख्याधिकाऱ्यांना) तारीख, वेळ, नकाशा आणि मोजणीचे आकडे जोडून अर्ज द्या. आधी दोन रविवार, मग सलग महिनाभर मागा. महिनाभराचा प्रयोग झाल्याशिवाय कामाच्या दिवसातली कोंडी, शाळा सुटायची वेळ, पावसाची सर, यांतलं काही कळत नाही.

खुर्च्या सुट्या ठेवा. माणूस खुर्ची जराशी सरकवल्याशिवाय बसत नाही, हेही व्हाइट यांचंच निरीक्षण. चार दिवसांनी त्या खुर्च्या कुठे सरकल्या ते बघा. लोकांनी त्या ज्या झाडाखाली नेल्या तिथे पक्की बैठक बांधायची. एखाद-दुसरी खुर्ची जाईल, ते गृहीत धरा.

बैठक, पार आणि झाड

बैठकीची उंची साधारण दीड फूट. म्हाताऱ्यांना याहून बुटक्या ओट्यावरून उठताना त्रास होतो, म्हणून निदान काही बाकांना पाठ आणि हात असू द्या. बाकीच्या ठिकाणी रुंद कट्टा चालतो. रुंदी अडीच-तीन फूट ठेवली तर दोन्ही बाजूंनी बसता येतं, पिशवी ठेवता येते, पोर पाय वर घेऊन बसतं. सरळ एका ओळीत बाकं टाकली की चौघांना एकमेकांशी बोलता येत नाही. काटकोनात किंवा किंचित गोलाईत मांडा. झोपू नये म्हणून बाकाच्या मध्ये लोखंडी दांडे बसवायची पद्धत मला मान्य नाही. दुपारी हातगाडीवाला घटकाभर आडवा झाला तर चौकाचं काही बिघडत नाही.

बैठक चौकाच्या मधोमध नको. माणसाला पाठीमागे भिंत किंवा झाड लागतं आणि समोर वर्दळ. मधलं बेट ओसाड आणि कडा भरलेल्या, हे चित्र मोजणीत दिसलं असेलच. बायकांसाठी बैठक उजेडात, दुकानांच्या नजरेत आणि पानटपरीपासून जरा लांब हवी. एकच लांबलचक कट्टा केला तर तो एकाच टोळक्याचा होतो. तीन-चार लहान बैठकी वेगवेगळ्या कोपऱ्यांत करा.

जुना वड-पिंपळ असेल तर त्याचा पार ही तयार बैठक. बांधकाम मात्र जपून. खोडाला लागून सिमेंट ओतलं की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि खोडाभोवती मातीचा ढीग चढवला तर साल कुजते. खोडापासून चारी बाजूंना किमान १ मीटर जमीन उघडी ठेवा. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये हाच १ मीटरचा आदेश दिला होता. पाराची भिंत त्या बाहेरून, शक्यतो काळ्या दगडाची, पाया उथळ आणि मुळं टाळून. आतल्या बाजूला सुटी खडी किंवा नुसती माती. मोठं मूळ आडवं आलं तर भिंतीला तिथे कमान द्या, मूळ तोडू नका. फांद्या छाटायच्या असतील तरी १९७५च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

नवीन झाड लावायचं तर करंज उत्तम. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला नवी पालवी येते, म्हणजे सावली नेमकी हवी तेव्हा मिळते. कडुनिंब चांगला. बकुळ हळू वाढते, पण बारमाही हिरवी. गुलमोहर दिसायला देखणा असला तरी वाऱ्या-पावसात त्याच्या फांद्या मोडतात, बैठकीवर तो नको. सप्तपर्णी रस्तोरस्ती लावलेली आहे, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या उग्र वासाने खिडक्या बंद कराव्या लागतात. झाडं मोठी होईपर्यंतची काही वर्षं पत्र्याची नाहीतर शेडनेटची सावली धरूनच चाला.

जमीन, सण आणि दिवे

फरशीच्या आधी जमिनीखालचं काम. पाणी, ड्रेनेज, वीज, केबल या सगळ्या खात्यांना पत्र देऊन त्यांचं खोदकाम आधी करून घ्या आणि पुढच्या केबलसाठी रिकामे पाइप टाकून ठेवा. एरवी नवे पेव्हर ब्लॉक दोन महिन्यांत उखडतात आणि परत कधी सपाट बसत नाहीत. गुळगुळीत फरशी पावसात घात करते. खडबडीत काळा दगड किंवा नीट दाबलेल्या थरावरचे, कडा बांधलेले ब्लॉक घ्या. दर मीटरला एक-दीड सेंटिमीटर उतार पावसाळी गटाराकडे द्या. पहिल्या पावसात छत्री घेऊन जा आणि पाणी कुठे तुंबतं ते खुणा करून ठेकेदाराला दाखवा.

आपल्या चौकाला वर्षातून अनेकदा रूप बदलावं लागतं, आणि बाहेरून आणलेल्या आराखड्यांत हे हमखास सुटतं. गणपतीचा मंडप, दहीहंडी, नवरात्र, होळी, एखादी सभा. दरवर्षी मंडपाच्या खांबांसाठी खड्डे खणले जातात आणि नंतर कोणी बुजवत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आणि मंडपवाल्याला उभं करून खांबांच्या जागा आखून घ्या आणि तिथे झाकणवाले लोखंडी पाइप कायमचे गाडा. खांब त्यात उभा राहतो, सण संपला की झाकण बंद. मंडपासाठी मधली जागा मोकळीच ठेवा, तिथे कारंजं नको याचं हेही एक कारण. होळी डांबरावर किंवा ब्लॉकवर पेटवली की जमीन फुटते, त्यासाठी मातीचा एक गोल सोडा. एरवी मुलं तिथे गोट्या खेळतील. वीजजोडणीची पेटीही कायमची, मीटरसह करून घ्या, म्हणजे चोरून वीज घ्यायला दिव्याच्या खांबावर आकडे पडत नाहीत.

पुतळ्याची मागणी निघाली तर तिथेच स्पष्ट सांगा: १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर आणि पदपथांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा आदेश राज्यांना दिला आहे. ही गोष्ट आराखडा मंजूर होण्याआधी माहीत असलेली बरी.

हायमास्टचा उजेड वरून डोळ्यांवर येतो आणि झाडांखाली काळोख ठेवतो. त्यापेक्षा दहा-बारा फुटांवरचे पिवळसर दिवे जास्त संख्येने लावा, बैठकीजवळ आणि ओलांडायच्या जागी आधी. समोरच्याचा चेहरा ओळखू येतो तेवढा उजेड हवा. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि जवळपास स्वच्छतागृह नसेल तर बायका आणि म्हातारी माणसं फार वेळ थांबत नाहीत. चौकात जागा नसेल तर जवळच्या स्वच्छतागृहाचा बाण दाखवणारा फलक लावा आणि ते उघडं राहतं का याचा पाठपुरावा करा.

पैसा आणि पाठपुरावा

नगरसेवकाचा निधी हा नेहमीचा रस्ता. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, त्यात प्रभागातली लहान कामं लोकांना सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय आहे का ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा. अर्ज 'चौक सुशोभीकरण' या नावाने देऊ नका, त्या शीर्षकाखाली कारंजंच मंजूर होतं. कामं सुटी लिहा: दोन कोपरे पुढे घेणे, ओलांडायचा सपाट उंचवटा एक, पाठ असलेली बाकं सहा, करंजाची झाडं चार, मंडपाचे पाइप, दिवे. पथ विभाग, उद्यान आणि विद्युत या तिन्ही खात्यांना वेगळ्या प्रती द्या आणि आवक शिक्का घ्या. काम सुरू असताना कनिष्ठ अभियंत्याशी बोलणारा एकच माणूस ठरवा. पाच जणांनी पाच सूचना दिल्या की ठेकेदार त्याला सोपं तेच करतो.

झाडलोटीचं आधीच ठरवून घ्या. आरोग्य कोठीच्या (सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेच्या) मुकादमाला चौकात बोलवा. बाकाखाली झाडू जातो का, कचरापेटी घंटागाडीच्या वाटेवर आहे का, हे त्याला दाखवा आणि त्याने सांगितलेले बदल आराखड्यात करा. झाडांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार त्याचं नाव लिहून ठेवा. मिलानमध्ये पालिका रहिवाशांशी देखभालीचा लेखी करार करते. आपल्याकडे मंडळ, दुकानदार आणि पालिका यांच्यात एक पानाचं पत्र पुरेल: कुंड्या कोणाच्या, नळ कोणाचा, ब्लॉक निघाला तर कोणाला कळवायचं.

सहा महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळांना पुन्हा मोजा. बायकांचा रकाना वाढला नसेल तर आधी संध्याकाळचा उजेड आणि बैठकींच्या जागा तपासा. दुपारचा आकडा पडलेलाच असेल तर सावली कमी आहे, तिथे शेडनेट वाढवा. एखादं बाक रिकामंच राहत असेल तर ते उचला आणि लोक आजही पायरीवर बसतात तिथे नेऊन टाका. पहिली पक्की बाकं बोल्टने बसवून घ्यायची ती यासाठीच. मोजणीचे दोन्ही कागद क्षेत्रीय कार्यालयात जमा करा आणि शेजारच्या प्रभागातल्या लोकांनाही एक प्रत द्या.